वृक्षतज्ज्ञाची परीक्षा आणि आपला अभ्यास

परीक्षा म्हटली की आपल्या विद्यार्थ्यांच्या डोळ्यांपुढे ठरावीकच नावे येतात. दहावी, बारावी, मग बँक, रेल्वे, पोलीस भरती आणि लोकसेवा आयोग. त्या परीक्षांना आम्ही नावे ठेवणार नाही. आमचे स्वतःचे पोट त्यांपैकीच एका परीक्षेने भरले आहे. पण एकाच दारावर सगळ्यांनी गर्दी करायची आणि शेजारची दारे उघडी आहेत की बंद तेही पाहायचे नाही, ही सवय बरी नव्हे. म्हणून मंडळाच्या स्मरणिकेसाठी अभ्यासलेख लिहायचा ठरल्यावर आम्ही मुद्दाम आडवाटेची एक परीक्षा निवडली. ती झाडांची परीक्षा आहे.

झाडावर चढणे, फांद्या छाटणे, पडलेले झाड उचलणे हे काम आपल्या वस्त्यांना नवीन नाही. पावसाळ्याच्या तोंडावर शहरोशहरी छाटणीची कामे निघतात आणि ठेकेदाराच्या टेम्पोत कोयता, कुऱ्हाड आणि दोर घेऊन बसणारी पोरे बहुधा आपलीच असतात. या कामाला आपण 'झाडे तोडायचे काम' म्हणतो आणि ते करणारा मुलगा लग्नाच्या बोलणीत आपला धंदा सांगताना अडखळतो. इंग्लंड-अमेरिकेत मात्र याच कामाला एक शास्त्र मानतात. ते शास्त्र जाणणाऱ्याला आर्बोरिस्ट म्हणतात. आपण त्याला वृक्षतज्ज्ञ म्हणू. जंगल राखणारा वनाधिकारी वेगळा आणि बाग फुलवणारा माळीही वेगळा. रस्त्यावरचे, अंगणातले, शाळेतले एकेक झाड पाहायचे, ते निरोगी आहे की नाही, धोक्याचे आहे की नाही हे ठरवायचे आणि त्यावर काय करायचे, विशेषतः काय करायचे नाही, हे सांगायचे, हे वृक्षतज्ज्ञाचे काम होय.

अमेरिकेत १९२४ साली झाडांची निगा राखणारे व संशोधक एकत्र आले आणि त्यांतून जी संस्था उभी राहिली ती आज इंटरनॅशनल सोसायटी ऑफ आर्बोरिकल्चर या नावाने ओळखली जाते. थोडक्यात तिला आय.एस.ए. म्हणतात. या संस्थेने १९९२ पासून प्रमाणित वृक्षतज्ज्ञ हे प्रमाणपत्र सुरू केले. जगात अनेक देशांत लोक ते घेतात, भारतातही ते घेतलेली माणसे आहेत, परंतु हाताच्या बोटांवर मोजावीत इतपतच. परीक्षा बहुपर्यायी प्रश्नांची असते. २०० प्रश्न आणि वेळ साडेतीन तास. जीवशास्त्र, झाडांची ओळख व निवड, माती, लागवड, छाटणी, रोगनिदान, बांधकाम चालू असताना झाडांचे रक्षण, धोक्याचे मूल्यमापन, सुरक्षित काम आणि शहराची वृक्षव्यवस्था, असे विषयांचे दहा गट आहेत. यांत छाटणी आणि सुरक्षितता यांना चांगले वजन असते. प्रमाणपत्र मिळाले की जन्मभराची ददात मिटली असेही नाही. ते तीन वर्षे चालते. त्या मुदतीत ३० गुणांचे पुढचे शिक्षण घेतल्याचे दाखवावे लागते, नाहीतर परीक्षा पुन्हा द्यावी लागते.

आता आम्हांस या परीक्षेत सर्वांत महत्त्वाची वाटलेली गोष्ट. बसण्याची अट अशी आहे की उमेदवाराला झाडांच्या कामाचा तीन वर्षांचा पूर्णवेळ अनुभव हवा, किंवा संबंधित शिक्षण आणि अनुभव यांची जोड हवी. म्हणजे शाळेच्या बाकावर कधी फारसा न टिकलेला, पण झाडावर दहा पावसाळे काढलेला माणूस इथे दारात अडवला जात नाही. आपल्याकडे बहुतेक परीक्षा आधी पदवी विचारतात, मग वय विचारतात आणि हाताला काय येते हे कधीच विचारत नाहीत. इथे उलट आहे. पण थांबा, या उघड्या दाराला एक उंबरठा आहेच. अनुभव नुसता असून भागत नाही, त्याचा लेखी पुरावा लागतो. आणि रोजंदारीवर राबणाऱ्या पोराजवळ तोच नसतो. त्याचे नाव हजेरीवर नसते, असले तर चुकीचे असते आणि पगार रोख हातावर मिळतो. म्हणून या अभ्यासाची पहिली वही पाठांतराची नसून कामाची असावी असे आम्ही सुचवतो. तारीख, जागा, झाडाचे नाव, काय काम केले, कोणाच्या हाताखाली केले, एवढे रोज चार ओळींत लिहावे आणि महिन्याकाठी काम देणाऱ्याची सही घ्यावी. सही मागायला संकोच वाटत असेल तर मंडळातले दोन वडीलधारे सोबत न्यावेत. अशा कामासाठीच मंडळे असतात.

विषयाकडे वळू. पुस्तकाच्या पहिल्या प्रकरणातच एक धक्का बसतो. झाडाची जखम भरून येत नाही! आपले बोट कापले तर जुन्या जागी नवे मांस येते. झाडाचे तसे नाही. एकदा इजा झालेले लाकूड पुन्हा चांगले होत नाही, ते जन्मभर तसेच आत राहते. मग झाड जगते कसे? तर ते त्या खराब भागाला चहूबाजूंनी भिंती घालून कोंडते आणि त्यावर नवे लाकूड चढवीत पुढे वाढते. हा सिद्धान्त मांडणारे अ‍ॅलेक्स शायगो हे अमेरिकेच्या वनखात्यातील शास्त्रज्ञ होते. यंत्रकरवत हाती आल्यावर त्यांनी हजारो झाडे आडवी न कापता उभी चिरून पाहिली, आणि कुजण्याचा डाग आत कुठून कुठे जातो व कुठे थांबतो याचा माग काढला. १९७७ साली त्यांचे हे काम पुस्तिकारूपाने आले. त्यातल्या चार भिंती परीक्षेला पाठ लागतात. पहिली भिंत कीड वर-खाली पसरू देत नाही, ती सर्वांत कच्ची. दुसरी ती गाभ्याकडे जाऊ देत नाही. तिसरी ती आजूबाजूला पसरू देत नाही. चौथी भिंत इजा झाल्यानंतर नव्याने तयार होते, जुने लाकूड आणि यापुढे येणारे लाकूड यांच्या मध्ये, आणि ती सर्वांत पक्की असते. जुन्या वडा-पिंपळाचा बुंधा आतून पोकळ, ढोलीत घुबड राहते, आणि वर मात्र हिरवीगार पालवी, हे दृश्य आपण सर्वांनी पाहिले आहे. त्याचे कारण ही चौथी भिंत.

हा सिद्धान्त समजला की कितीतरी जुन्या समजुती आपोआप गळून पडतात. कापलेल्या फांदीच्या तोंडाला डांबर किंवा रंग फासणे ही त्यांपैकी एक. अशा लेपाने कुजणे थांबत नाही हे प्रयोगांनी दिसून आले आहे, उलट लेपाखाली ओल धरून बुरशीची सोयच होते. तरीही आपल्याकडे काम 'नीट' झाले हे दाखवण्यासाठी डांबराचा डबा येतोच. दुसरी समजूत ढोलीत सिमेंट भरण्याची. अमेरिकेत पूर्वी हे सर्रास होत असे. जॉन डेव्ही या गृहस्थाने १९०१ साली 'द ट्री डॉक्टर' हे पुस्तक लिहून वृक्षचिकित्सेचा पाया घातला, त्यांच्या काळात ढोली भरणे ही मोठी विद्या समजली जाई. पुढे तीच विद्या मागे पडली. यात डेव्हींचा कमीपणा नाही. इंग्लंडात शेतावर वाढलेला हा माणूस विशीच्या घरात येईपर्यंत लिहा-वाचायला शिकला नव्हता, आणि पुढे त्याच्या नावाने झाडांचे शिक्षण देणारी संस्था निघाली. विद्यार्थी मित्रांनी हा तपशील परीक्षेसाठी नव्हे, पण स्वतःसाठी लक्षात ठेवावा.

आता आपल्या घरच्या झाडाकडे येऊ. आपल्या बहुतेक विहारांच्या आवारात बोधिवृक्ष आहे. त्याचे शास्त्रीय नाव फायकस रिलिजिओसा. हे नाव लिनियसने १७५३ साली दिले. सम्राट अशोकाने रस्त्यांच्या कडेला झाडे लावली, औषधी वनस्पती आणवून लावल्या हे त्याने स्वतःच शिलालेखांत कोरून ठेवले आहे. भिक्खूंच्या विनयात वनस्पती तोडणे हा पाचित्तिय दोष मानला आहे. तेव्हा झाडाची निगा हा आपल्याला परका विषय नाही. पण आदर वेगळा आणि काळजी वेगळी. बुद्धगयेच्या बोधिवृक्षाचीच गोष्ट पाहा. अलेक्झांडर कनिंगहॅम यांनी १८६२ साली तो पाहिला तेव्हा तो फार कुजला होता. काही फांद्या हिरव्या होत्या, बाकीच्यांची साल गेलेली होती. १८७६ च्या वादळात त्याचा उरलासुरला भाग कोसळला. त्याच्याच वंशातले रोप पुढे १८८१ साली तिथे लावले गेले, आणि आज आपण ज्याच्या छायेत बसतो तो हा वृक्ष. त्याची तपासणी डेहराडूनच्या वनसंशोधन संस्थेचे शास्त्रज्ञ करतात आणि जड फांद्यांना लोखंडी टेकू दिलेले आहेत. जगातल्या सर्वांत पूजनीय झाडालाही शेवटी वैद्य लागतोच.

गावोगावच्या बोधिवृक्षांची मात्र आपण हौसेने कोंडी करतो. देणगी जमली की प्रथम पार बांधायचा, मग तो उंच करायचा, मग आवारभर फरशी बसवायची, आणि फरशी बुंध्याला अगदी चिकटवायची. दिसते छान. मातीच्या प्रकरणात काय सांगितले आहे ते आता बघा. चांगल्या मातीत निम्मी जागा कणांची व सेंद्रिय अंशाची, आणि निम्मी पोकळ असते. त्या पोकळीत थोडी हवा आणि थोडे पाणी. मुळांना श्वास घ्यावा लागतो. झाड वर जितके दिसते तितकेच खाली उलटे असेल अशी आपली कल्पना असते, ती चूक आहे. बहुतेक मुळे वरच्या दीड-दोन फूट मातीतच असतात, आणि पाणी शोषणारी बारीक मुळे त्याहूनही वर. मात्र ती आडवी पसरतात, फांद्यांच्या घेराच्याही पलीकडे बरीच दूर जातात. म्हणजे आपण ज्याला अंगण म्हणतो ते झाडाचे पोट आहे. त्यावर ट्रक फिरवला, खडी दाबली, सिमेंट ओतले की मातीतली पोकळी जाते. झाड लगेच मरत नाही. चार-पाच वर्षांनी शेंडा वाळू लागतो, आणि तोवर पार बांधल्याचे कोणाच्या लक्षातही नसते. बुंध्याभोवती माती चढवून त्यावर पार बांधला तर आणखी वाईट, कारण बुंधा जिथे रुंद होऊन जमिनीत शिरतो ती जागा उघडी राहायला हवी. राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ साली दिल्लीतील झाडांभोवतीचे एक मीटरपर्यंतचे सिमेंट काढून टाकण्याचा आदेश दिला तो याच कारणाने.

मग करायचे काय? बुंध्यापासून जितके दूर जमेल तितके मोकळे सोडावे. त्यावर दोन ते चार इंच जाडीचा पालापाचोळा पसरावा, बुंध्याला मात्र तो टेकू देऊ नये. मेणबत्त्या व अगरबत्त्या बुंध्याच्या खोबणीत न लावता पाच-सहा फूट लांब लावाव्यात, कारण सालीच्या लगेच आत कॅम्बियम नावाचा जिवंत थर असतो, आणि झाडाची सारी जाडी त्या पातळ थरातून येते. तो भाजला की त्या जागेपुरते झाड संपले. पंचरंगी ध्वजाची दोरी किंवा रोषणाईची तार बांधली तर कार्यक्रमानंतर ती सोडावी. वर्षानुवर्षे बांधलेली तार सालीत रुतते आणि पानांकडून मुळांकडे अन्न नेणाऱ्या रसवाहिन्या आवळल्या जातात. खिळ्यांबद्दल तर बोलायलाच नको. दरवर्षी १४ एप्रिलला आपण उत्साहाने रोपे लावतो, तेव्हाही दोन गोष्टी पाहाव्यात. प्लॅस्टिकची पिशवी पूर्ण काढावी आणि आत गोल फिरलेली मुळे सोडवावीत वा कापावीत. खड्डा खोल नव्हे, तर रुंद करावा, मुळांच्या गोळ्याच्या दुप्पट-तिप्पट. आणि रोप मोठे झाल्यावर लोखंडी जाळी काढायला कोणीतरी जायला हवे. जाळीवर देणगीदाराचे नाव रंगवलेले असते, त्यामुळे ती काढायला कोणी धजत नाही असा आमचा अनुभव आहे.

छाटणीचा भाग पोरांना सर्वांत सोपा वाटतो आणि तिथेच जास्त गुण जातात. फांदी खोडाला मिळते तिथे वरच्या बाजूला सालीची एक सुरकुतलेली रेघ असते आणि खालच्या बाजूला किंचित फुगवटा असतो. त्या फुगवट्याला कॉलर म्हणतात. झाडाच्या भिंती घालण्याची शक्ती इथे एकवटलेली असते. म्हणून काप कॉलरच्या लगेच बाहेर घ्यावा. कॉलरसकट खोडाला सपाट घासून कापले तर दिसायला सफाईदार, पण तो रोगाला दिलेला दरवाजा. उलट हातभर ठोंब ठेवला तर तो वाळतो आणि कुजणे आत नेतो. जड फांदी एका घावात कापू नये, तीन काप घ्यावेत. पहिला काप खालून, खोडापासून थोडा दूर. दुसरा वरून, पहिल्याच्या जरा पुढे, म्हणजे फांदी साल न सोलता खाली येते. तिसरा उरलेला ठोंब कॉलरबाहेर कापण्यासाठी. कोयत्याने हे होत नाही, करवत लागते. शेंडा उडवून झाड बोडके करणे, ज्याला छाटणीच्या मोसमात आपल्याकडे 'साफ करणे' म्हणतात, ते या शास्त्रात निषिद्ध आहे. कारण त्यानंतर फुटणाऱ्या धुमाऱ्या वरवर चिकटलेल्या असतात आणि पुढच्या वादळात त्याच तुटतात. एका वेळी झाडाच्या एकूण पालवीच्या चौथ्या हिश्श्याहून जास्त काढू नये, हा मोठ्या झाडांसाठी सर्वसाधारण नियम. ठेकेदाराला टेम्पोच्या खेपा दाखवायच्या असतात, तेव्हा हा नियम त्याला गोड लागणार नाही हे उघड आहे.

झाडांची ओळख हा भाग आपल्या विद्यार्थ्याला जड जातो, कारण पुस्तकात मेपल, अ‍ॅश, ओक असतात. ती झाडे पाहिलेली नसतात. पण रीत तीच लावावी. पहिला प्रश्न, पाने समोरासमोर की एकाआड एक? सागाची व जांभळाची समोरासमोर, पिंपळ, वड आणि आंब्याची एकाआड एक. दुसरा प्रश्न, पान साधे की संयुक्त? कडुनिंबाचे व गुलमोहराचे संयुक्त. आपल्या झाडांवर हात बसला की चित्रावरून मेपल ओळखणे अवघड नाही. गुलमोहर मादागास्करचा आणि वर्षावृक्ष अमेरिका खंडातला, हे कळल्यावर आपल्या रस्त्यांवर आपली झाडे किती, हा प्रश्न मनात येतो. येऊ द्यावा.

धोक्याच्या मूल्यमापनात एक सुरेख विचार आहे. झाड मोडण्याची शक्यता किती, मोडले तर कोणावर वा कशावर आदळण्याची शक्यता किती, आणि आदळले तर नुकसान किती, असे तीन प्रश्न वेगवेगळे विचारायचे. माळावर एकटे उभे असलेले कुजके झाड धोक्याचे नाही, कारण त्याखाली कोणी नाही. बालवाडीच्या दारातल्या झाडाची तेवढीच कुजकी फांदी मात्र धोक्याची. दोन सारख्या जाडीची खोडे इंग्रजी व्ही अक्षरासारखी निघाली असतील आणि त्यांच्या बेचक्यात साल दबलेली असेल तर ती जागा कच्ची समजावी. बुंध्यावर छत्रीसारखी बुरशी दिसली तर आत कुजणे आहे असे धरून चालावे, पण म्हणून झाड लगेच पाडा असे वृक्षतज्ज्ञ म्हणत नाही. तो आधी बाक दुसरीकडे हलवता येतो का ते पाहतो.

सुरक्षित कामाचे प्रकरण आम्ही सर्वांत शेवटी घेतले असले तरी विद्यार्थ्याने ते सर्वांत आधी वाचावे. आपल्याकडे पोरे चप्पल काढून चढतात, कमरेला एक दोर, तोही कधी असतो कधी नसतो, डोक्याला रुमाल. खाली रहदारी चालूच. एखादा पडला की चार दिवस वस्तीत हळहळ आणि ठेकेदाराकडून काहीबाही रोख रक्कम, मग विषय संपला. अशी घरे आपण सर्वांनी पाहिली आहेत, नावे घेण्याची गरज नाही. आता परीक्षेतले नियम वाचा. झाडावर असताना चढणारा सतत बांधलेला हवा. झाडावर यंत्रकरवत चालवताना तर एकाऐवजी दोन बंधने, म्हणजे करवतीने चुकून एक दोर कापला तरी दुसरा धरून ठेवतो. डोक्याला शिरस्त्राण, डोळ्यांना चष्मा. काम सुरू करण्याआधी सर्वांनी एकत्र उभे राहून कोण काय करणार, फांदी कुठे पडणार, धोका कशाचा, हे बोलायचे. वरचा माणूस फांदी सोडण्याआधी ओरडून इशारा देतो, आणि खालून 'मोकळे आहे' असे उत्तर आल्याशिवाय सोडत नाही. उत्तर आले नाही तर थांबायचे. इशारा देणे पुरेसे नाही, उत्तर ऐकणे आवश्यक आहे. या एका वाक्यावर प्रश्न हमखास येईल असे समजावे.

विजेच्या तारेबद्दल नियम कडक आहे. प्रत्येक तार चालू आहे असेच धरायचे. विजेजवळच्या कामाचे खास प्रशिक्षण नसलेल्या माणसाने ५० हजार व्होल्टपर्यंतच्या तारेपासून किमान १० फूट दूर राहावे. स्वतः तर राहावेच, पण हातातला बांबू, शिडी आणि कापलेली फांदी हेही १० फूट दूर हवे, कारण तारेला फांदी टेकली आणि फांदी हातात असली तरी शॉक लागतो. ओल्या फांदीबद्दल सांगायलाच नको. आपले कोणी झाडावर काम करीत असेल तर परीक्षा राहू द्या, हे एवढे आज रात्री जेवताना त्याला वाचून दाखवा.

अभ्यास कसा करावा याविषयी थोडे. ही परीक्षा मराठीत नाही. इंग्रजीतून देणाऱ्याला मोठी अडचण शास्त्राची नसते, भाषेची असते. प्रश्नात 'सर्वांत योग्य', 'सर्वप्रथम', 'याखेरीज' अशा अर्थाचे एखादे लहानसे इंग्रजी पद असते आणि त्यावर सारे उत्तर फिरते. बँकेच्या खात्यांतर्गत परीक्षांतही नेमके हेच होते, विषय येत असतो आणि प्रश्न निसटतो. यावर आम्हांस तीन रकान्यांची वही उपयोगी वाटते. पहिल्या रकान्यात इंग्रजी शब्द, दुसऱ्यात आपल्याकडे त्याला काय म्हणतात ते, तिसऱ्यात तो आपण कोणत्या झाडावर कुठे पाहिला. कॉलर हा शब्द पन्नास वेळा घोकण्यापेक्षा विहाराच्या पिंपळावर बोट ठेवून एकदा दाखवावा. चढणारा आणि कॉलेजात जाणारा अशी दोघांची जोडी जमवावी. एक इंग्रजी वाचील, दुसरा ते झाडावर दाखवील. दोघांपैकी कोण गुरू आणि कोण शिष्य हे रोज बदलेल. दिवसाला दीड तास धरला तर सहा महिने पुरावेत. संस्थेचे अभ्यासपुस्तक एक प्रत घेऊन विहाराच्या वाचनालयात ठेवावे, प्रत्येकाने विकत घेण्याचे कारण नाही.

खर्चाचे मात्र झाकून ठेवत नाही. शुल्क डॉलरमध्ये असते आणि रोजंदारीच्या माणसाला ते झेपणारे नाही. शिवाय आपल्याकडे झाडावर काम करायला कायद्याने हे प्रमाणपत्र लागत नाही, त्यामुळे ते मिळाले की नोकरी मिळालीच असे आम्ही कोणालाही सांगणार नाही. महाराष्ट्रात शहरी भागासाठी १९७५ चा वृक्षसंरक्षण कायदा आहे, परवानगीवाचून झाड तोडता येत नाही, आणि २०२१ च्या दुरुस्तीने ५० वर्षे व त्याहून जुन्या झाडांना वारसा वृक्ष मानले आहे. जुन्या झाडांची कागदोपत्री किंमत अशी वाढते आहे, तर ती पाहून सांगणारी माणसेही लागतीलच, असा आमचा कयास आहे. मंडळाने शिष्यवृत्तीच्या निधीतून दरवर्षी एका होतकरू मुलाचे शुल्क भरावे, आणि ते आधी झाडावर चढणाऱ्याला द्यावे, ही सूचना आम्ही कार्यकारिणीपुढे ठेवीत आहोत. शुल्काआधी चांगला दोर आणि शिरस्त्राण द्यावे, हेही तीत धरावे.

सरावासाठी चार प्रश्न देतो. आधी उत्तर वहीत लिहावे, मगच पुढे वाचावे.

वडाची मांडीएवढी फांदी कापल्यावर तोंडाला काय लावावे? काहीही नाही. काप योग्य जागी असला की पुढचे झाड बघून घेते.

विहाराच्या आवारात बोअरसाठी चर खणायचा आहे. बोधिवृक्षापासून दहा फुटांवरून खणला तर मुळांना धक्का लागेल का? मोठे झाड असेल तर लागेल, मुळे फांद्यांच्या घेराबाहेरही जातात. चराची जागा बदलता येते का हे आधी पाहावे.

वरच्या माणसाने इशारा दिला, खालचा माणूस फोनवर बोलतो आहे आणि उत्तर आले नाही. पुढे काय? फांदी सोडायची नाही.

कोकणात नारळावर चढायला खोडात खाचा पाडतात. आंब्याच्या खोडावरची जखम आणि नारळाच्या खोडावरची खाच यांत फरक कोणता? आंब्याला कॅम्बियमचा थर असतो, तो जखमेच्या कडेने वर्षागणिक नवे लाकूड चढवून ती झाकीत जातो. नारळाला तो थरच नसतो. पंचवीस वर्षांपूर्वी पाडलेली खाच आजही तेवढीच आणि तिथेच दिसते.